कळतं, पण वळत नाही? सिगारेट, तंबाखू आणि इच्छाशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचं समुपदेशन हे माझं रोजचं काम. त्याआधी अकरा वर्षं मी स्वतः दिवसाला एक पाकीट ओढायचो. लोक मेसेजवर, फोनवर आणि लग्नकार्यात बाजूला घेऊन जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलंय. प्रश्न त्यांच्याच शब्दांत आहेत, टोमण्यांसकट. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून क्रमांक दिलेत.

१. सिगारेटने कॅन्सर होतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी माणूस ओढतो, म्हणजे त्याचं मन कमकुवत, एवढंच ना?

नाही. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. पुढच्या सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, जबड्यात कृत्रिम भाग बसवावा लागला. तशा तोंडाने त्यांनी रुग्ण तपासले, लिखाण केलं, म्हातारपणी देश सोडला. सिगार मात्र सुटला नाही. या माणसाची इच्छाशक्ती कमी होती असं म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे शरद पवारांचं उदाहरण घ्या. तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्या पवारांनी तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल जाहीर कार्यक्रमात खंत व्यक्त केली आहे. त्यांच्या राजकारणावर हवी तेवढी टीका करा, पण चिकाटी नाही असं त्यांचा विरोधकही म्हणणार नाही.

दुसरी बाजू बघा. १९४८ मध्ये ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू ओढत. २०२३ मध्ये तिथे साधारण आठांपैकी एक प्रौढ ओढत होता. पाऊणशे वर्षांत इंग्रजांच्या मनाला अशी काय धार चढली? मनं तीच आहेत. कर वाढले, जाहिराती गेल्या, ऑफिसात आणि पबमध्ये ओढायला बंदी आली, औषधं मिळू लागली.

२. मग मेंदूत नक्की होतं तरी काय?

झुरका मारल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन, म्हणजे तंबाखूतलं व्यसन लावणारं रसायन, मेंदूत पोचतं. तिथल्या ठरावीक रिसेप्टरना (पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना) ते चिकटतं आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन सुटतं. डोपामिन म्हणजे नुसती मजा नव्हे. ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर’ अशी ती खूणगाठ असते. आता हिशेब करा. एका सिगारेटचे दहा झुरके धरले तर वीसच्या पाकिटाचे दिवसाला दोनशे आणि वर्षाला ७३ हजार. पाढेसुद्धा कुणी एवढे घोकत नाही.

रोज निकोटिन मिळालं की मेंदू त्या रिसेप्टरची संख्या वाढवतो. मग निकोटिन उतरलं की ते सगळे रिकामे बसतात आणि माणूस कावराबावरा होतो. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं. म्हणून मीटिंग लांबली की तुमचं लक्ष दारावर. ‘सिगारेटने टेन्शन जातं’ हा अनुभव खोटा नाही, पण त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटने आणून ठेवलेलं असतं.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. पक्षाघाताने किंवा इतर इजेने मेंदूतला ‘इन्सुला’ हा भाग खराब झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सिगारेट अगदी सहज सुटली. तल्लफच गेली. एकाने सांगितलं की त्याचं शरीर ओढायचं विसरूनच गेलं. त्या माणसांचं चारित्र्य काही रातोरात सुधारलं नव्हतं.

तुमची पकड किती घट्ट आहे याचा अंदाज एका प्रश्नावरून येतो : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किंवा तंबाखूचा पहिला बार किती वेळात? पाच मिनिटांच्या आत असेल तर नुसत्या निश्चयावर विसंबू नका, प्रश्न ८ वाचा.

३. पाकिटावर एवढा भयंकर फोटो असतो, तरी फरक का पडत नाही?

पडतो, पण आपल्याला वाटतो तिथे नाही. एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ९२ टक्क्यांहून जास्त प्रौढांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतात असं सांगितलं. म्हणजे ‘कळणं’ जवळपास पूर्ण झालंय. अडचण वेळेची आहे. सुटका दहा सेकंदांवर आणि कर्करोग वीस वर्षांवर, तोही ‘झाला तर’. या दोघांत मन कुणाचं ऐकणार? त्यात बहुतेक जण मिसरूड फुटायच्या आसपास सुरुवात करतात. त्या वयात वीस वर्षं म्हणजे अख्खं आयुष्य वाटतं.

शिवाय टपरीवर पाकीट बघतो कोण? महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी दोरीला लटकवलेला तो लायटर अजून सगळीकडे दिसतो. तो पाकीट घेणाऱ्यासाठी टांगलेला नसतो. माझ्याकडे येणारा एक जण पाकीट घेताना म्हणायचा, ‘तो घशाचा नको, दुसरा फोटो दे.’ त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणू? नको इतकं कळत होतं.

कधी कधी नुसतं कळणंही पुरतं. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड डॉल स्वतः ओढायचे. १९४९ च्या सुमारास आपल्याच अभ्यासातले आकडे पुढे येऊ लागले तेव्हा त्यांनी सोडली. पण असे आकडे स्वतःच्या हाताने मोजायची संधी कितीजणांना मिळते?

४. आमच्या काकांनी तीस वर्षांची सिगारेट एका दिवसात सोडली. ‘मनात आणलं तर होतं’ म्हणतात. मग मला का जमत नाही?

काकांना एकदा निवांत विचारा, ही कितवी वेळ होती? बहुतेकांच्या गोष्टीत शेवटचा प्रयत्न तेवढा सांगितला जातो. आधीचे सात फसलेले कुणी मोजत नाही, स्वतः काकाही.

शरीराशरीरातही फरक असतो. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) निकोटिनचा निचरा करतं. कुणाचं ते भरभर चालतं, त्याला लवकर तल्लफ येते. कुणाचं हळू, त्याचं कमी सिगारेटींत भागतं. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही दिसलंय की व्यसन जडण्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच वर्षभर टिकतात. काका त्या पाचांतले. त्यांचं कौतुक करा, पण उरलेल्या पंचाण्णवांना नेभळट ठरवू नका.

५. मी श्रावणात महिनाभर हात लावत नाही. म्हणजे मला व्यसन नाही, बरोबर?

हा माझा आवडता प्रश्न, कारण विचारणारा जिंकल्याच्या आवाजात विचारतो. गटारीला दुप्पट ओढून घ्यायची, महिनाभर शांत राहायचं आणि पोळा झाला की दुसऱ्या सकाळी पुन्हा टपरीवर.

इस्रायलमध्ये विमानातल्या धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. त्यांची तल्लफ शेवटची सिगारेट ओढून किती तास झाले यावर फारशी अवलंबून नव्हती. विमान उतरायला किती वेळ उरलाय यावर होती. छोट्या उड्डाणाच्या शेवटी ती जेवढी चढायची, तेवढी लांबच्या उड्डाणात तितकेच तास उलटूनही चढत नव्हती. दार बंद आहे हे पक्कं ठाऊक असलं की मन तिथे घुटमळत नाही. श्रावणात तुमच्यासाठी ते दार देवाने बंद केलेलं असतं. घरात आई विचारत नाही, मित्र पुढे करत नाहीत, तुम्हीही स्वतःशी घासाघीस करत नाही. पोळ्याला दार उघडतं.

म्हणजे तुमच्यात इच्छाशक्ती आहे हे सिद्ध झालं, व्यसन नाही हे नाही. पण या महिन्यासारखी संधी नाही. सुरुवातीचे सगळ्यात वाईट दिवस तुम्ही एवीतेवी दरवर्षी काढताच. मग पोळ्याच्या संध्याकाळी कुठे असायचं आणि कुणाबरोबर नसायचं, तेवढं आधी ठरवा.

६. मी दिवसाला दोनच ओढतो. हे धरायचं का?

धरायचं. हृदयाला दोनही पुष्कळ होतात, धोका सिगारेटच्या संख्येच्या प्रमाणात घटत नाही. आणि त्या दोन कुठल्या, तेही बघा. ज्या दोनशिवाय दिवस जात नाही त्याच उरलेल्या असतात.

७. मी सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू मळतो. आई मिश्री लावते. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

तुम्हालाच जास्त. प्रश्न ३ मधल्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू वापरणारे. आपल्या राज्याचं खरं व्यसन पुडीत आणि डबीत आहे. धूर नाही, वास कमी, घरात चालतं, कीर्तनात चालतं, म्हणून त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

चुना कशासाठी लावतात, विचार केलाय? चव आणि झणका हे झालंच. पण चुन्यामुळे तोंडात क्षार वाढतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. रसायनशास्त्राचा हा धडा आपल्या पणजोबांनी पुस्तकाशिवाय शिकला होता.

सवय हातात किती मुरते ते एका गृहस्थांनी मला दाखवलं, नकळत. ते समोर बसून सांगत होते की परवापासून तंबाखू बंद केलाय. बोलता बोलता त्यांच्या उजव्या अंगठ्याने डाव्या तळहातावर मळायला सुरुवात केली. मग दोन थापट्या मारून भुकटी उडवली, चिमूट केली आणि हात ओठापर्यंत गेला. हातात काहीच नव्हतं. तिथे थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनाही हसावं की काय ते कळेना. हे मन दुबळं असल्याचं लक्षण म्हणायचं का? मन तर त्या क्षणी ‘सोडलाय’ असं सांगत होतं.

आईंच्या मिश्रीचं दुखणं वेगळं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार खरी असते, कारण निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. कोमट पाणी, पेरू, पालेभाज्या, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. ‘या वयात काय हे’ म्हणून त्यांना लाजवू नका. त्यांना ती बहुधा दातदुखीवर औषध म्हणूनच कुणीतरी हातात दिलेली असते.

सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी तिने कर्करोग होतो, हेही इथेच नोंदवतो.

८. गम, पट्ट्या, गोळ्या घेऊन सोडणं म्हणजे लबाडीच ना? खरा असेल तो तसाच सोडेल.

या एका समजुतीने जितकं नुकसान केलंय तितकं क्वचितच कशाने केलं असेल. माणूस मदत नाकारतो, फसतो, ‘माझ्यातच दम नाही’ म्हणतो आणि पुढचा प्रयत्न करायला पाच वर्षं लावतो.

निकोटिनच्या गमने किंवा अंगावर चिकटवायच्या पट्टीने सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते. व्हॅरेनिक्लिन या गोळीने दुपटीहून जास्त, पण ती डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. कर्करोग करतो तो मुख्यतः धूर आणि तंबाखूतली इतर रसायनं. निकोटिनचं काम अडकवून ठेवायचं. गम त्या अडकण्याला हळूहळू सैल करतो.

बहुतेक जण गम चुकीचा खातात. चघळत राहिलं की उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून डबा कपाटात जातो. दोन-चार वेळा सावकाश चावा, तिखटसर झिणझिणी आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिणी ओसरली की पुन्हा दोन चावे. असं अर्धा तास. तंबाखू खाणाऱ्यांना शिकवावं लागत नाही, बार धरायची सवय असतेच. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबूपाणी नको. आंबटामुळे निकोटिन शोषलं जात नाही (चुन्याच्या अगदी उलट, प्रश्न ७). उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढत असाल तर दोन मिलिग्रॅमचा गम अपुरा पडू शकतो. अशा वेळी, आणि गरोदरपणात किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर, आधी डॉक्टरांशी बोला.

९. सिगारेट सोडली आणि छातीत धडधड, झोप नाही, हात थरथरतात. हे निकोटिनमुळेच ना?

काही अंशी. पण तुम्ही दिवसाला चहा किती घेता? सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो. म्हणजे तेच सहा कप आता दहा-बाराचं काम करतात आणि आपण समजतो, सिगारेट नसल्यामुळे जीव कासावीस होतोय. पहिल्याच दिवसापासून चहा निम्मा करा. ‘चहा-सुट्टा’ ही जोडगोळी फोडायला त्याने दुहेरी मदत होते. चिडचिड, भूक, लक्ष न लागणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत उतरतं. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, ते खोटं कशाला सांगू.

१०. सात महिने बंद होती. मेहुण्याच्या हळदीला एक घेतली, आता पुन्हा पाकिटावर. सगळं पाण्यात गेलं?

त्या एका सिगारेटने एवढं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःला जे ऐकवलंत त्याने झालं : ‘गेलंच, मग आता कशाला.’ इच्छाशक्तीवरचा अंधविश्वास इथे सर्वांत महाग पडतो. मन हीच एकमेव ताकद मानली की एक झुरका म्हणजे अख्खा माणूस नापास. सात महिन्यांत मेंदूतले ते वाढलेले रिसेप्टर पूर्ववत झालेले असतात, त्याला काही आठवडे ते तीन महिने पुरतात. आज थांबलात तर पूर्वीइतकं जड जाण्याचं कारण नाही. फक्त लिहून काढा : कुठे, कुणी दिली, प्यायला होतात का. माझी स्वतःची तिसऱ्यांदा सुरू झाली ती एका स्मशानाबाहेर. पाकीट पुढे करणाऱ्याला नाही म्हणणं त्या वेळी उद्धटपणाचं वाटलं. पुढच्या अंत्ययात्रेला खिशात गम घेऊन गेलो.

११. ह्यांना सांगून सांगून थकले. मुलांची शपथ घातली, पाकिटं फेकली. ह्यांचं आमच्यावर प्रेमच नाही का?

ताई, प्रेमाची परीक्षा इथे लावू नका, दोघंही हराल. शपथ मोडली की त्यांना लाज वाटते, लाज विसरायला ते गच्चीवर जातात आणि गच्चीवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘कधी सोडणार?’ याऐवजी ‘मागच्या वेळी चार दिवस कसे जमले होते?’ असं विचारून बघा. तारीख त्यांना ठरवू द्या. पहिले तीन दिवस ते उगाच वाकड्यात शिरतील, तेव्हा नातेवाइकांना जेवायला बोलावू नका. घरात ओढायचं नाही हा नियम मात्र ठामपणे लावा. तो मुलांच्या फुप्फुसांसाठी आहे, त्यात उपदेश नाही.

१२. सगळा दोष निकोटिनवर ढकललात. मग माणसाची जबाबदारी काहीच नाही?

आहे, पण जागा वेगळी. तल्लफ येणं तुमच्या हातात नाही. ती येईल तेव्हा खिशात काय असेल, हे पुष्कळसं तुमच्या हातात आहे. फिलिपाइन्समध्ये एका प्रयोगात लोकांना खातं उघडायची मुभा दिली : सहा महिने पैसे साठवा, शेवटी लघवीची तपासणी, निकोटिन सापडलं तर सगळी रक्कम दानात. अकरा टक्केच लोक तयार झाले. तरी ज्यांना ही सोय देऊ केली त्यांच्यात सोडणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि वर्षभराने अचानक केलेल्या तपासणीतही तो फरक टिकला. शहाणपण त्यांनी खातं उघडायच्या दिवशी वापरलं. रोज संध्याकाळी टपरीसमोर नव्याने लढायची पाळी त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही.

आणि ‘ही ज्याची त्याची निवड’ हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे तेही बघा. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) अहवालाने निकोटिन व्यसन लावतं हे स्पष्ट सांगितलं. १९९४ मध्ये सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर म्हणाले, निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. न्यायालयातही त्यांचा बचाव हाच होता : ग्राहकाला धोका माहीत होता, त्याने स्वतः निवड केली.

१३. मला सगळं माहीत आहे आणि मला सोडायचीच नाही. मला आवडते. मग माझं काय?

मग तुमच्या बाबतीत इच्छाशक्तीचा प्रश्नच येत नाही, आणि मी तुमच्या मागे लागणार नाही. दोनच विनंत्या : बंद खोलीत दुसऱ्यांसमोर ओढू नका, आणि एकदा स्वतःच तारीख ठरवून पंधरा दिवस थांबून बघा. आवडणारा आंबा पंधरा दिवस नसला तर माणूस बायकोवर खेकसत नाही. थांबणं सहज जमलं तर आवड म्हणा. नाही जमलं तर प्रश्न २ कडे या.

१४. वय साठ झालं. आता सोडून काय होणार? आमचे आजोबा तर नव्वदीपर्यंत बिड्या ओढत होते.

आजोबा दिसतात कारण ते उरले. त्यांच्याबरोबर ओढणारे साठीत गेले, त्यांचे किस्से सांगायला कुणी नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा झाला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली तीनेक वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळपास सगळी.

१५. मानसिक आजाराची औषधं चालू आहेत. सिगारेट सोडली तर चालेल का?

चालेल, पण डॉक्टरांना सांगून. प्रश्न ९ मधलं कॅफिनचं गणित क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांनाही लागू आहे : धूर थांबला की रक्तातलं औषध वाढतं, डोस कमी करावा लागू शकतो. म्हणून त्यांना न सांगता सिगारेट अचानक बंद करू नका. सोडल्यावर नैराश्य कायमचं वाढेल ही भीती मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. सुरुवातीचे आठवडे सरले की मनःस्थिती पूर्वीपेक्षा बरी असल्याचं अभ्यासांत दिसलंय.

१६. पाकिटावरच्या नंबरला फोन केला तर भाषण ऐकावं लागतं का?

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, २०१६ मध्ये सुरू झाली, फोन फुकट. मराठीत बोलता येतं. भाषण होत नाही. काय घेता, किती घेता, सकाळी पहिली कधी, आधी कधी सोडली होती, असं विचारतात. मग सोडायची तारीख तुमच्याकडूनच ठरवून घेतात आणि त्यानंतर स्वतःहून फोन करतात. लाइन लागली नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा लावा. आणि फोन करताना हातात पेटलेली असली तरी चालते. मी केला तेव्हा होती.